पसंतीला नेलेले टायर

भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा निघाला, त्याच्या आधीच्या अख्ख्या जिल्ह्यात आणि नंतरच्या दोन्ही तुकड्यांत मिळून, आमच्या मोठ्या साडभाऊंइतकं अवघड गिऱ्हाईक जन्माला आलेलं नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. त्यांच्या मोटरसायकलचा मागचा टायर बदलायचा होता आणि त्या एका टायरसाठी आम्ही भंडारा, तुमसर आणि लाखनी इथली झाडून सगळी दुकानं पालथी घातली. त्यात एक पावसाळा पूर्ण गेला आणि दुसराही सरला. तेवढ्या काळात माझ्या शेजाऱ्यानं मुलगी पाहिली, लग्न केलं, भांडण केलं, बायको माहेरी गेली आणि तिची समजूत घालून परतही आणली. साडभाऊ तेव्हा अजून लाखनीच्या दुकानात टायर उलटा करून त्याची मागची बाजू पाहत होते.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. ही मोठी बहीण नात्यानं माझी आकडसासू लागते, पण घरात सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. साडभाऊ राहायला मोहाडीला. घराणं पिढ्यान्पिढ्या कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, लुगडी विणणारं. वडील गेले, मागावर बसणं सुटलं, आणि साडभाऊंनी समोरच्या खोलीत मागाच्या शेजारीच गादी टाकून कापडाचं दुकान मांडलं. आठवड्याच्या बाजारांना ते मोटरसायकलवर गाठोडी बांधून जायचे, पार नाकाडोंगरीपर्यंत. धंदा बदलला तरी बोटं विणकराचीच राहिली. समोर कापड दिसलं की ते अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून चोळल्याशिवाय साडभाऊंना पुढचं बोलता येत नाही. माझ्या लग्नात सगळी सासुरवाडी नवरदेव कसा आहे हे पाहत होती, तेव्हा हे गृहस्थ माझ्या कोटाची कड चिमटीत धरून उभे होते. मग माझ्या सासऱ्यांकडे वळून शांतपणे म्हणाले, "पोरगा ठीक हाय. कोट भाड्याचा हाय."

ते खरं होतं, पण सांगायची गरज नव्हती. साडभाऊंचं असंच आहे. सत्कार समारंभात पाहुण्यांच्या खांद्यावरची शाल, सरकारी साहेबाच्या खुर्चीवरचा टॉवेल, मंडपाचा पडदा, काही म्हणून त्यांच्या चिमटीतून सुटत नाही. एकदा ओळखीतल्या एका म्हाताऱ्या सावकाराच्या मयतीला आम्ही बरोबर गेलो होतो. सगळे खाली मान घालून उभे असताना साडभाऊ पुढे झाले, नमस्कार केला, परत आले आणि माझ्या कानाशी कुजबुजले, "सूत बरं लावलं हाय. जिता होता तवा असं कापड नाई घेतलं त्यानं." मी रुमालात तोंड लपवून वळलो. लोकांना वाटलं, मला रडू आवरत नाही. सावकाराच्या मुलानं पाठीवरून हात फिरवून मलाच धीर दिला.

तर हा टायर. त्याची कहाणी सुरू झाली रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे आमच्याकडे बांधीत गुडघाभर चिखल करून धानाची रोपं लावतात तेव्हा. आमची सासुरवाडी आंबागडची, किल्ल्याच्या पायथ्याशी. तिथे भाच्याचं बारसं होतं. ताई ठेवणीतलं कोशाचं लुगडं नेसून साडभाऊंच्या मागे बसली होती. बसली म्हणजे तिच्या पद्धतीनं. एका बाजूला पाय सोडून, गाडीच्या मागची लोखंडी दांडी धरून. रस्त्यानं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून जाणं तिला कधी आवडलं नाही. मागचा टायर तेव्हा घासून घासून इतका गुळगुळीत झाला होता की त्यात तोंड पाहून घ्यावं. गावाच्या अलीकडे ट्रॅक्टरनं रस्त्यावर चिखल आणून टाकला होता, त्यावर गाडी घसरली आणि दोघंही सरळ बाजूच्या बांधीत जाऊन बसले. बांधीत रोवणा चालू होता. बायांची ओळ कंबरेत वाकलेली होती ती सरळ झाली. त्यातली एक म्हणाली, "बाई, रोवना लावाले आल्या काय? मंग पदर त खोचा."

एवढ्यावर ताई हसली असती. तिला विनोद कळतो. पण चिखलातून उठलेल्या साडभाऊंनी पहिलं काय केलं, तर तिच्या पदराचं टोक चिमटीत धरलं, चोळलं आणि म्हणाले, "लुगड्याले काई झालं नाई. कोसा हाय, धुतलं का निंगन." ताईचं कोपर खरचटलं होतं. ते त्यांनी पाहिलंच नाही. ताई उठली. बांधीतून एकटी वर आली, उरलेला रस्ता पायी चालली, बारसं पार पाडलं, आणि परत निघताना सगळ्यांसमोर सांगितलं, "या टायरवर मी तुमच्या मागं बसनार नाई. बदलवा, मंग बोला." ते लुगडं तिनं धुतलं, घडी घातली आणि पेटीच्या तळाशी ठेवून दिलं. पुन्हा ते बाहेर निघालेलं कोणी पाहिलं नाही.

आता दुसरा कोणीही दुसऱ्या दिवशी टायर आणून मोकळा झाला असता. साडभाऊ मला घेऊन लाखनीला गेले. लाखनी हायवेवरचं गाव, ट्रकांची सतत ये-जा, त्यामुळे टायरची दुकानं भरपूर. पहिल्याच दुकानातल्या शेठनं गाडी पाहिली आणि आतून एक टायर आणून समोर ठेवला. "हा घ्या भाऊ. या गाडीले हाच चालते."

साडभाऊंनी तो चिमटीत धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाले, "हा ठेवा बाजूले. अजून दाखवा."

शेठनं दाखवले. आणि मग माझ्या लक्षात आलं की साडभाऊंना खरेदी करण्याची एकच रीत माहीत आहे, ती म्हणजे लुगडं घ्यायला आलेल्या बाईची. आयुष्यभर ते गादीच्या त्या बाजूला बसले होते आणि बाया जे जे म्हणायच्या ते ऐकून घेत होते. ते सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी टायर दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहिला, कारण दुकानाच्या दिव्यात रंग फसवतो. काठ मजबूत आहे पण अंग पातळ आहे, असं मत दिलं. धुतल्यावर आटते काय, हे विचारलं. नव्या टायरला रबराची बारीक केसासारखी टोकं असतात, ती पाहून म्हणाले, "ह्या दशा काहून सोडल्या? वळून नाई देत काय?" आणि शेठ उत्तर शोधत असताना स्वतःच त्यातल्या दोन दोन टोकांना पीळ घालायला बसले. सगळ्यात शेवटी त्यांनी तो प्रश्न विचारला. "दुसऱ्या रंगात नाई काय?"

"भाऊ, टायर काळाच येते," शेठ म्हणाला.

"काळ्यात बी परकार अस्तेत. हा पाहा, जरा निळ्यावर जाऊन राहिला."

शेठनं माझ्याकडे पाहिलं. मी हायवेवरचे ट्रक पाहू लागलो.

कापडाच्या धंद्यात आमच्याकडे एक जुनी रीत आहे. दुकानातून चार लुगडी घरी न्यायची, घरच्या बायांना दाखवायची, आवडेल ते ठेवायचं आणि बाकीची परत करायची. याला पसंतीला नेणं म्हणतात. साडभाऊंनी शेठला विचारलं, पसंतीला देता काय. त्या माणसाच्या हयातीत कोणी टायर पसंतीला नेला नसेल, पण आम्ही दुकानातून उठावं यासाठी त्यानं तेव्हा दुकानही पसंतीला दिलं असतं. "न्या बाप्पा," तो म्हणाला. साडभाऊंनी तीन टायर निवडले. दोन माझ्या दोन्ही खांद्यांना अडकवले आणि एक गळ्यात घातला. तशा थाटात मी त्यांच्या मागे बसून लाखनीहून मोहाडीपर्यंत आलो. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, एकानं तर हात जोडले. वाटेत मी विचारलं की शेठनं पहिला दाखवला तो टायर चांगला वाटत होता, तो का आणला नाही. साडभाऊ म्हणाले, "गाडी चालवताना बोलू नोको."

घरी आल्यावर त्यांनी गादीवर पांढरी चादर अंथरली, त्यावर तिन्ही टायर मांडले आणि आत हाक मारली. ताई हातात उलथनं घेऊन दारात आली. साडभाऊ दुकानात वापरतात त्या गोड आवाजात म्हणाले, "पाह्य ना. कोनता पसंत हाय?"

ताईनं टायरांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "मले पसंत कराचं नाई," ती म्हणाली. "मले पडाचं नाई." आणि आत गेली.

साडभाऊ तेवढ्यानं हटणारे नव्हते. चिखलात कोणत्या टायरचा छाप खोल पडतो ते पाहावं लागेल, असं त्यांनी ठरवलं. पण पावसानं आठवडाभर दडी मारली होती आणि रस्ते वाळले होते, चिखल कुठून आणणार? ताईनं पोळ्यांसाठी कणीक मळून ठेवली होती. ती पाणी आणायला मागे गेली तेवढ्यात साडभाऊंनी टायर धुतले, पुसले आणि कणकेचे तीन गोळे करून त्यावरून एकेक फिरवला. परत आलेल्या ताईनं ते दृश्य पाहिलं. तिनं त्याच छापांच्या तशाच पोळ्या भाजल्या आणि आमच्या ताटात वाढल्या. टायरच्या नक्षीची पोळी मी आयुष्यात तेव्हा एकदाच खाल्ली. तिसऱ्या टायरची जरा जास्त फुगली होती, हे साडभाऊंनी घास थांबवून माझ्या लक्षात आणून दिलं. दुसऱ्या दिवशी तिन्ही टायर परत गेले.

या सगळ्या काळात ताई एसटीनं फिरत होती. माहेरी जायचं असलं की ती मोहाडीहून तुमसरची एसटी धरायची, तिथून आंबागडची. आणि साडभाऊ? ते एसटीच्या मागून मोटरसायकलवर यायचे. ताईची पिशवी ताईच्या जागेवर दोरीनं बांधलेली असायची. एसटी थांबली की हे थांबायचे, निघाली की निघायचे. धूर खायचे, मॅंगनीजच्या ट्रकांची धूळ खायचे, पण पुढे म्हणून जायचे नाहीत. एकदा कंडक्टरनं ताईला विचारलं, "बाई, तुमचे मालक मागून काहून येऊन राहिले? तिकीट काढून आत बसत काहून नाई?" ताई खिडकीबाहेर न पाहता म्हणाली, "त्याईचं टायर पाहाचं चालू हाय." अख्खी एसटी हसली.

मीही हसत होतो. पण एका रविवारी साडभाऊ नाकाडोंगरीच्या बाजाराला गेलेले असताना ताईनं मला बसवून घेतलं. आभाळ भरून आलं होतं. ती दारात उभी राहून रस्त्याकडे पाहत होती. "तुमी तरी सांगा त्याईले," ती म्हणाली. "मी बसत नाई त मी वाचलो. पन हे त्याच टायरवर गाठोडे घेऊन रोज जातेत. कुठं पडले त उचलन कोन?" मला लाज वाटली. टायरचं हे प्रकरण मी इतके दिवस चवीनं सगळ्यांना सांगत हिंडत होतो, आणि ही बाई दर बाजाराच्या दिवशी अशी दारात उभी राहत होती. साडभाऊ संध्याकाळी धडधाकट परत आले, आणि आल्या आल्या त्यांनी मला सांगितलं की तुमसरात एक नवं दुकान निघालं आहे, पाहायला जाऊ.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर आंबागडची मंडई आली. दिवाळी झाली की आमच्या या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, दंडारीची पथकं नाचतात, लेकी-जावई गावाला येतात. दरवर्षी हे दोघं मोटरसायकलनं जायचे. आदल्या वर्षी ताई एसटीनं आणि साडभाऊ एसटीच्या मागून, असे गेले होते. या वर्षी मंडईच्या दोन दिवस आधी आम्ही जेवायला बसलो असताना ताई वाढता वाढता म्हणाली, "मंडईले मी तुमच्या मागं बसून जाईन."

साडभाऊंचा हात ताटातच राहिला. "टायर त अजून..."

"टायर घ्या का नोका घेऊ. जुन्यावरच बसतो. पडलो त दोघं बी पडू. एकटं तुमाले पडू देनार नाई." आणि तिनं त्यांच्या पानात भात वाढला.

साडभाऊंनी तो भात खाल्ला की नाही मला आठवत नाही. हात धुऊन त्यांनी गाडीला लाथ मारली, मला मागे घेतलं आणि एकदाही न थांबता लाखनी गाठली. आम्हाला पाहताच शेठनं सगळे टायर खाली काढायला सुरुवात केली. साडभाऊ दारातूनच म्हणाले, "पयला दाखवला होता थो द्या." शेठ तिथेच उभा राहिला. मीही. उन्हात नेणं नाही, चिमटी नाही, दशा नाहीत. टायर चढला, हवा भरली आणि आम्ही निघालो.

परतताना चहाच्या टपरीवर आम्ही थांबलो. मी म्हटलं, "पयलाच घ्याचा होता त मले एवढे दुकानं कायले फिरवले?"

साडभाऊंनी माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरली आणि खाली पाहत चोळत बसले. "टायर पयल्याच दिवशी पसंत होता, साडभाऊ. पन टायर घेतला का थे मागं बसन. अन् परत पडली त?" त्यांनी बाहीची कड उलटी करून पाहिली. "थे बांधीत पडली ना, मी उठलो, अन् तिच्या तोंडाकडं पाहाची माझी हिंमतच झाली नाई. रक्त निंगत असन, डोळे मिटले असन, असं वाटलं. म्हनून लुगडं पाह्यलं. लुगड्यातलं मले समजते." मग चहा संपवून म्हणाले, "एसटीत बसून जात होती, थे बरं होतं. मागून दिसत होती."

मी उठून चहाचे पैसे दिले. एसटीच्या मागून धूर खात जाणारा तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला, आणि आपण कशाला हसत होतो ते कळलं. बाही मात्र त्यांनी टपरी सोडेपर्यंत पुन्हा दोनदा चोळली आणि कापड पावडरीचं, म्हणजे नुसती खळ चढवलेलं आहे, पुढच्या वेळी माझ्याकडून घेत जा, हे सांगितलंच.

मंडईच्या दिवशी ताई पेटीच्या तळातलं ते कोशाचं लुगडं नेसून बाहेर आली. साडभाऊंनी पाहिलं आणि दोन्ही हात गाडीच्या हँडलवर घट्ट ठेवले. आम्ही नवराबायको माझ्या स्कूटरवर त्यांच्या मागे होतो. साडभाऊंनी गाडी इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढे जात होते आणि जाताना वळून पाहत होते, गाडी बिघडली की माणूस. आंबागडच्या अलीकडे ती बांधी आली. धान कापून झालं होतं, रस्ता कोरडा ठणठणीत, चिखलाचं नाव नाही. साडभाऊंनी तिथे गाडी थांबवली आणि बंद केली.

"उतरते काय?" त्यांचा आवाज आम्हाला ऐकू आला. "एवढं पैदल पार करू."

"उतरत नाई," ताई म्हणाली. तिनं मागची दांडी सोडली आणि हात साडभाऊंच्या खांद्यावर ठेवला. मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत त्यांच्या सदऱ्याचं कापड धरलं आणि सावकाश चोळलं. "सूत बरं हाय," ती म्हणाली. "चाला आता."

साडभाऊ लगेच निघाले नाहीत. पाठमोरेच होते, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं, पण त्यांनी बाहीनं दोनदा डोळे पुसले. मागून माझ्या बायकोनं विचारलं, "थांबले काहून?" मी म्हटलं, "कापड पाहून राहिले." मग गाडी सुरू झाली. ताईचा हात तिथेच होता, मंडईच्या गर्दीतून गेली तरी तिथेच होता, आणि ज्या बायांना तो दिसला त्यांना पाहू दे, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

आता तो टायरही झिजला. साडभाऊंचे गुडघे गेले, ताईला चष्मा लागला, आणि मोटरसायकल समोरच्या खोलीत जुन्या मागाच्या शेजारी चादर पांघरून उभी असते. दोघं आंबागडला जातात ते एसटीनं, एका बाकावर. पण दिवाळी झाली की मला फोन येतो, "साडभाऊ, लाखनीले येता काय? टायर पाहाचा हाय." मग आम्ही तिघं जातो. शेठही आता म्हातारा झाला आहे. तो न विचारता तीन स्टूल मांडतो, चहा सांगतो आणि आतून एक टायर आणून समोर ठेवतो. साडभाऊ तो चिमटीत धरतात आणि ताईपुढे करतात. ताई चष्मा नीट करते, कडेला बोट लावते, उन्हात धरून पाहते.

"दुसऱ्या रंगात नाई काय?" ती विचारते.

"पुढच्या साली येनार हाय, बाई," शेठ म्हणतो. मग चहा येतो, आणि तो पिऊन आम्ही परतीची एसटी धरतो.